पाव मैलाची मर्यादा

१ मार्च १८७२ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष ग्रँट यांनी ज्या कायद्यावर सही करून यलोस्टोनचा उष्ण कारंज्यांचा आणि प्रपातांचा विस्तीर्ण मुलूख लोकांच्या उपभोगासाठी उद्यान म्हणून राखून ठेवला, त्याच कायद्याने प्रवाशांच्या सोयीच्या इमारतींसाठी जमिनीचे लहान तुकडे दहा वर्षांच्या पट्ट्याने देण्याचा अखत्यार अंतर्गत कारभाराच्या मंत्र्यास दिला होता. मात्र त्या पट्ट्यांचा सारा वसूल उद्यानाच्याच व्यवस्थेत आणि तेथील रस्ते व घोडवाटा बांधण्यात खर्ची पडावा, असे बंधनही घातले होते. जमिनीचे उत्पन्न जमिनीच्याच चरणी परत वाहणारे हे कलम मला त्या संपूर्ण कायद्यातील सर्वांत दूरदर्शी कलम वाटते.

परंतु दहा वर्षे लोटतात न लोटतात तोच, १८८२ साली, एका कंपनीने सरकारी अधिकाऱ्यांकडून चार हजारांहून अधिक एकरांचा करार पदरात पाडून घेतला. मिसूरीचे सिनेटर जॉर्ज व्हेस्ट यांनी हे प्रकरण धसास लावले, आणि मार्च १८८३ मध्ये कायदेमंडळाने एका पट्ट्यास दहा एकरांची कमाल मर्यादा घालून उष्ण कारंज्यांपासून व यलोस्टोनच्या प्रपातापासून पाव मैलाच्या आतील जमीन कोणासही देऊ नये असे ठरविले. अकरा वर्षांनी, १८९४ साली, तोच पाव मैल अर्ध्यावर आला.

पुढे तारा आल्या. १९११ च्या कायद्याने तारायंत्राच्या व दूरध्वनीच्या खांबांना पन्नास वर्षांपर्यंत वहिवाट देण्याची सोय झाली, आणि १९५२ च्या दुरुस्तीने नभोवाणी व दूरचित्रवाणीच्या बांधकामांसाठी चारशे फूट लांब व चारशे फूट रुंद जागा देता येऊ लागली. लांबी लिहिली, रुंदी लिहिली. उंचीविषयी कायद्याने अक्षरही काढले नाही. जमिनीवरील अतिक्रमण मोजण्याची सवय जडलेल्या राज्यकर्त्यांना आकाशातील अतिक्रमण मोजण्याचे सुचले नाही, हे या इतिहासातील मर्मस्थान होय.

१९९६ च्या दूरसंचार कायद्याने तर सिद्धतेचा भारच फिरविला: खात्याच्या मूळ कार्याशी अटळ विरोध नसेल तर केंद्र सरकारच्या जागेवर दूरसंचाराचे मनोरे वगैरे उभारण्यासाठी आलेला अर्ज मंजुरीस पात्र मानावा, आणि वाजवी मोबदला घ्यावा, अशा धोरणाची वाट त्याने खुली केली. उद्यानखात्याच्या नियमांत अर्जाच्या छाननीचा खर्च खात्याने ठेवावा, पण जागेचे भाडे देशाच्या सर्वसाधारण खजिन्यात भरावे, अशी विभागणी होती. म्हणजे ज्या टेकडीवर मनोरा उभा राही, तिच्या वाट्यास १८७२ चे ते कलम उरले नव्हते.

अडचणीत सापडलेल्या प्रवाशाला भ्रमणध्वनीवरून मदत मागता यावी, ही गरज खरी आहे आणि मी ती कमी लेखीत नाही. तरीही २००१ साली यलोस्टोनमधील ओल्ड फेथफुल या उष्ण कारंज्याजवळ सुमारे शंभर फुटांचा भ्रमणध्वनीचा मनोरा उभा राहिला आणि ज्या कारंज्याच्या रक्षणार्थ पाव मैलाची रेषा आखली गेली होती, त्याच्या परिसरातील क्षितिजात तो दिसू लागला, तेव्हा त्या जुन्या रेषेचे बळ कितपत उरले होते, ते लोकांच्या ध्यानी आले. तक्रारी झाल्या, आणि काही वर्षांनी मनोऱ्याची उंची वीस फुटांनी उतरविण्यात आली.