काचेपलीकडची आई

इतिहास म्हटला की आपल्या सीमाभागातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे किल्ले, तह, संस्थानांची विलीनीकरणे आणि आयोगांचे अहवाल उभे राहतात. इस्पितळातल्या एका दरवाजालाही इतिहास असतो, हे आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवलेल्या माझ्यासारख्या बाईलाही फार उशिरा सुचले. हा दरवाजा नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागाचा. अपुऱ्या दिवसांचे मूल आत आणि त्याची आई बाहेर, ही व्यवस्था आपण इतकी गृहीत धरलेली असते की ती कुणीतरी, केव्हातरी, काही कारणाने घालून दिली असेल हे मनातही येत नाही. ती कशी आली आणि कशी मोडत चालली आहे, त्याची ही हकीकत.

आपल्या घरांतून पूर्वी असे मूल जन्मले तर सुईण त्याला कापसात गुंडाळी, खोलीत शेगडी ठेवी आणि आईच्या कुशीत देई. सातव्या महिन्यातले जगते, आठव्यातले जगत नाही, असा एक समज होता. वैद्यकशास्त्र नेमके उलटे सांगते. पोटात जितके दिवस अधिक, तितकी जगण्याची आशा अधिक. त्या काळोख्या बाळंतिणीच्या खोलीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तिथे अशी मुले फार जात. परंतु जी काही थोडी ऊब होती, ती आईची होती आणि आई तिथे होती.

पेटीचा जन्म पॅरिसचा. स्तेफान तार्निए नावाच्या प्रसूतितज्ज्ञाने १८७८च्या सुमारास तिथल्या प्राणिसंग्रहालयात कोंबडीची अंडी उबवण्याची पेटी पाहिली आणि तशीच एक आपल्या प्रसूतिगृहातल्या अशक्त मुलांसाठी करवून घेतली. १८८०-८१च्या सुमारास ती वापरात आली. गरम पाण्याच्या साठ्यावर चालणारी साधी लाकडी पेटी ती. पण दोन किलोहून कमी वजनाच्या मुलांतले मृत्यू शेकडा ६६ वरून ३८ वर आले. एवढा फरक पडल्यावर पेटी जगभर जाणार हे उघडच होते.

तार्निएचा शिष्य पिएर ब्यूदँ. पेटीने मूल वाचते, पण आई दुरावते, हे या गृहस्थाने फार लवकर ओळखले. ज्या बायकांना मुलाचे काहीच करू दिले जात नाही, त्यांतल्या काहींचे मन त्या मुलावरून उडते आणि मग मूल वाचूनही पोरके होते, असे त्याने १९०० साली आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवले. त्याचा उपाय साधा होता. पेटीला काच असावी, म्हणजे आईला मूल दिसेल. आणि आईने स्वतःचे दूध पाजत राहावे. म्हणजे या शास्त्राच्या पहिल्या धड्यातच आईची जागा होती. पुढच्यांनी ती खोडली.

ती खोडण्यात जत्रेचाही हात आहे. १८९६च्या बर्लिन प्रदर्शनात पेट्यांतली जिवंत मुले तिकीट लावून दाखवण्यात आली. मार्टिन कूनी नावाच्या माणसाने तोच खेळ अमेरिकेत नेला आणि न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडच्या जत्रेत १९०३ पासून १९४३ पर्यंत चाळीस वर्षे चालवला. ऐकून अंगावर काटा येतो. पण न्याय करायचा तर हेही सांगितले पाहिजे की त्या काळी बहुतेक इस्पितळांत अशा मुलांची सोयच नव्हती, आणि कूनी आईबापांकडून एक पैसा घेत नसे. खर्च तिकिटांतून निघे. हजारो मुले त्याने वाचवली. मात्र मूल पाहायला येणाऱ्या गर्दीत आईही एक प्रेक्षकच झाली.

पुढे इस्पितळांनी हे काम हाती घेतले, तेव्हा त्यांची भीती जंतूंची होती. ती खोटी नव्हती. प्रतिजैविके अजून आली नव्हती, एका मुलाची हगवण साऱ्या खोलीला लागे. म्हणून दार बंद झाले, भेटीच्या वेळा ठरल्या, आईबापांनी काचेतून पाहावे असा नियम झाला. नियमाचे एक असते: कारण संपले तरी तो संपत नाही. औषधे आली, हात धुण्याची शिस्त आली, तरी दार बंदच राहिले. १९७० साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डॉक्टरांनी आपला अनुभव प्रसिद्ध केला. आयांना आत येऊ दिले, मुलांना हात लावू दिला. संसर्ग वाढला नाही. पाऊण शतक जे गृहीत धरले होते, ते कुणीतरी तपासून पाहिल्याबरोबर ढासळले.

परंतु दार खऱ्या अर्थाने उघडले ते श्रीमंत देशांत नव्हे, ही या इतिहासातली मला सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट. ते उघडले टंचाईने.

१९७९ साली, तेव्हा सोव्हिएत संघात असलेल्या एस्टोनियाच्या ताल्लिन शहरात आदिक लेविन या डॉक्टरांपुढे प्रश्न होता परिचारिकांचा. त्या पुरेशा नव्हत्या. त्यांनी आयांनाच चोवीस तास इस्पितळात ठेवून घेतले. अंग पुसणे, दुपटी बदलणे, दूध देणे, सारे आई करी. परिचारिका शिकवी आणि लक्ष ठेवी. त्याच सुमारास कोलंबियाच्या बोगोटा शहरात एडगार रे आणि एक्तोर मार्तिनेस या डॉक्टरांकडे पेट्या पुरेशा नव्हत्या. एकेका पेटीत एकाहून अधिक मुले, संसर्ग, आणि सोडून दिलेली तान्ही. त्यांनी मूल आईच्या उघड्या छातीशी उभे बांधून ठेवले. कांगारूच्या पिशवीवरून त्या पद्धतीला नाव मिळाले. आणि आपल्या मुंबईत, सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात, डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मातृदुग्धपेढी सुरू केली. आशियातली ती पहिली. पालिकेच्या इस्पितळात गर्दी अफाट आणि हात थोडे. तिथेही आईचे दूध आणि आईचे हात हेच औषध ठरले.

तीन ठिकाणी तीन टंचाया. कुठे नर्स नाही, कुठे पेटी नाही, कुठे दोन्ही कमी. ज्यांच्याकडे सर्व काही होते, त्यांना आईची गरज दिसायला आणखी बरीच वर्षे लागली.

गडचिरोलीचा उल्लेख इथे टाळता येत नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी इस्पितळाचीच वाट पाहिली नाही. गावातल्याच बायकांना शिकवून त्यांनी नवजात मुलांची काळजी घरोघरी नेली. ३९ गावांत हजार जन्मांमागे नवजात मृत्यू ६२ होते, ते तिसऱ्या वर्षी २५ वर आले. १९९९ साली हे लॅन्सेटमध्ये छापून आले. आईला अडाणी न समजता शिकवले तर काय होते, याचा याहून मोठा पुरावा मराठी मुलखात दुसरा मला माहीत नाही.

हे सारे मी वाचू लागले ते माझ्या भाचीमुळे. वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. तिला एकतिसाव्या आठवड्यात मुलगा झाला, वजन एक किलो तीनशे. ती चंदगडकडची, कानडीचा गंध नाही. इस्पितळ मोठे, डॉक्टर चांगले. पण बोलणे इंग्रजीत, सिस्टरांचे आपसांत कानडीत, आणि भेट दिवसातून दोनदा, दहा-दहा मिनिटे. टाके ओले असताना ती बाहेरच्या लोखंडी बाकावर बसून असे. दर तीन तासांनी दूध काढून वाटीतून आत द्यायचे, एवढाच तिचा मुलाशी संबंध. सहाव्या दिवशी दूध आटू लागले आणि घरची माणसे तिलाच बोल लावू लागली. तेव्हा रात्रपाळीची एक वयस्क सिस्टर बाहेर आली, तिच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "तूक जास्ती आगेद, अक्का." भाचीला शब्द कळले नाहीत, मी अर्थ सांगितला, वजन वाढलंय. ती पहिल्यांदा जेवली त्या रात्री. दुसऱ्या दिवशी दूधही वाढले. योगायोग म्हणा हवे तर.

तो योगायोग नसावा, असे आता आकडे सांगतात. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात दोन किलोहून कमी वजनाच्या २०६ मुलांचा अभ्यास झाला, तो २००८ साली प्रसिद्ध झाला. आईच्या छातीशी ठेवलेली मुले रोज सुमारे २४ ग्रॅमने वाढली, नेहमीच्या पद्धतीची १५-१६ ग्रॅमने. कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या २६ विभागांनी ताल्लिनचा धडा गिरवला. आईबापांना शिकवून काळजीत सामील केले, आणि याच वाटेने पूर्वी गेलेल्या पालकांना त्यांच्या सोबतीला दिले. २०१८ साली निष्कर्ष आला: मुलांचे वजन अधिक वाढले, आईबापांचा ताण कमी झाला. सर्वांत मोठी गोष्ट २०२१ची. दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयासह पाच देशांतल्या पाच इस्पितळांत ३,२११ मुलांवर प्रयोग झाला. मूल स्थिरावण्याची वाट न पाहता जन्मताच ते आईच्या छातीशी द्यायचे, आणि त्यासाठी आईची खाट अतिदक्षता विभागातच टाकायची. महिन्याच्या आत दगावणाऱ्या मुलांचे प्रमाण १५.७ टक्क्यांवरून १२ वर आले. देखरेख करणाऱ्या मंडळाने प्रयोग मुदतीआधीच थांबवायला लावला, कारण इतका लाभ दिसत असताना उरलेल्या मुलांना तो नाकारणे योग्य नव्हते. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने तीच शिफारस केली. भारत सरकारनेही, दिल्लीच्याच राम मनोहर लोहिया रुग्णालयातल्या अनुभवाच्या आधारे, कुटुंबाला काळजीत सामील करून घेण्याच्या सूचना २०१७ साली काढल्या आहेत.

आपले बेळगावही या कामात मागे नाही. इथल्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाने आणि नागपूरकरांनी भाग घेतलेला सहा देशांचा एक अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. सुमारे बारा हजार पहिलटकरणींच्या त्या अभ्यासात, रोजच्या थोड्या ॲस्पिरिनने अपुऱ्या दिवसांची बाळंतपणे १३.१ टक्क्यांवरून ११.६ वर आली. जे मूल लवकर येणार ते लवकर येऊ नये, यासाठी आपल्याच गावातली माणसे झटत आहेत. जे आलेच, त्याच्या आईसाठी झटणे आपल्या साऱ्यांच्या हातात आहे.

कारण सगळेच दार इस्पितळाचे नाही. एक दार आपल्या घराचेही आहे. सव्वा महिना बाळंतिणीने उंबरठा ओलांडायचा नाही, ही चाल तिला विसावा मिळावा म्हणून पडली. पण मूल इस्पितळात असताना तीच चाल आईला मुलापासून तोडते. सासू, नणंद, आत्या घरी थांबवून घेतात, आणि डबा घेऊन मूल पाहायला जातो तो बाप. त्यात ग्रहणात बाहेर पडली होतीस का, जड उचललेस का, अशा चौकश्या. आधीच स्वतःला दोष देत असलेल्या बाईला याहून मोठी शिक्षा नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाचे कारण पुष्कळदा डॉक्टरांनाही सापडत नाही. ते आपण घरात बसून शोधू नये.

आणि एक गोष्ट मला त्या विभागात फार आवडली. अशा मुलांचे बारसे झालेले नसते, म्हणून पेटीवर, कागदावर 'बेबी ऑफ' असे लिहून पुढे आईचे नाव घालतात. बापाचे नाही, आडनावही पुष्कळदा नाही. आपल्या सबंध रीतिरिवाजात मूल फक्त आईच्या नावाने ओळखले जाते ते याच एका ठिकाणी. जिच्या नावाने फाईल चालते, तिला आत बसायला खुर्ची मिळावी, ही मागणी फार मोठी नव्हे.

वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी कानडी आणि मराठी दोन्ही बोलल्या जातात. तुमच्या ओळखीत असे मूल जन्मले, तर पेढे केव्हा असे विचारू नका. जेवणाचा डबा न्या, आईला गाडीवर बसवून इस्पितळात पोहोचवा, आणि तिथल्या डॉक्टरांना विचारा की हिला मूल छातीशी केव्हा घेता येईल. ती ज्या भाषेत रडते त्या भाषेत तिला वजन सांगा. रोज सांगा, वाढले ते दहा ग्रॅम असले तरी.