अक्कलदाढ काढली, आता पुढं काय? पहिल्या आठ दिवसांत खर्रा आणि घाई दोन्ही टाळा

वाशिम : सोयाबीनची सोंगणी तोंडावर आली की दाढदुखी अंगावर काढणारे आपल्याकडे कमी नाहीत. शेवटी गाल सुजला, तोंड उघडेना झालं की मग माणूस दवाखान्यात जातो आणि अक्कलदाढ काढून येतो. पण दाढ काढली म्हणजे काम संपलं असं नाही. खरी काळजी घरी आल्यावर घ्यायची असते. जखम लवकर भरणार की चिघळणार, हे पहिल्या आठ दिवसांवर अवलंबून असतं.

अक्कलदाढ साधारण १७ ते २५ वयाच्या दरम्यान येते. जबड्यात जागा नसली की ती आडवी किंवा अर्धवट अडकते. अशी दाढ काढताना हिरडी कापावी लागते, कधी थोडं हाडही घासावं लागतं. त्यामुळे साध्या दातापेक्षा त्रास जास्त होतो.

पहिले २४ तास

डॉक्टरांनी ठेवलेला कापसाचा किंवा गॉजचा बोळा ३० ते ४५ मिनिटं दाबून धरावा. थुंकी गिळावी, थुंकू नये. दिवसभर लाळेत थोडी लाली दिसली तर घाबरायचं कारण नाही.

दाढेच्या खड्ड्यात रक्ताची गाठ धरते. ती गाठ म्हणजे जखमेचं झाकण. जोरात थुंकणं, चूळ भरणं, नळीने थंड पेय ओढणं, बिडी ओढणं यामुळे ती निघून जाते. म्हणून पहिला दिवस हे सगळं बंद.

बर्फ कापडात गुंडाळून गालावरून १० ते १५ मिनिटं ठेवावा, मग तेवढाच वेळ थांबावं. झोपताना डोक्याखाली दोन उशा घ्याव्यात. बधिरपणा काही तास राहतो. तोवर गरम चहा आणि चावून खायचं नको, ओठ किंवा जीभ चावली तरी कळत नाही.

दुसऱ्या दिवसापासून

एक ग्लास कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ टाकून जेवणानंतर हळूच गुळणी करावी. पाणी तोंडात फिरवून आपोआप खाली पडू द्यावं. बाकीचे दात ब्रशने घासावेत, जखमेला धक्का लावू नये.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त दिसते, नंतर उतरते. तोंड थोडं कमी उघडणं हेही काही दिवस चालतं. टाके न विरघळणारे असतील तर साधारण सात दिवसांनी काढतात. हिरडी भरायला दोन-तीन आठवडे आणि आतलं हाड भरायला काही महिने लागतात.

काय खावं?

थंड किंवा कोमट, मऊ पदार्थ खावेत. वरण-भाताचा काला, मुगाची पातळ खिचडी, ताक, दही, केळं, शिरा चालतो. तिखट ठेचा, कडक भाकरी, चिवडा, फुटाणे आठवडाभर बाजूला ठेवावेत. पाणी भरपूर प्यावं.

खर्रा, तंबाखू आणि दारू

आपल्या भागात सगळ्यात मोठी अडचण इथंच होते. तिसऱ्या दिवशी बरं वाटलं की खर्र्याची पुडी निघते. तंबाखू, चुना आणि सुपारीचे कण खड्ड्यात बसतात, जखम सडते. जखमेवर मिसरी किंवा तंबाखू दाबणं हा इलाज नाही. किमान आठवडाभर तरी काही नको, आणि कायमचं सुटलं तर उत्तमच. दारूही टाळावी. दाताच्या जखमेसाठी दिल्या जाणाऱ्या मेट्रोनिडाझोल गोळीवर दारू घेतली तर उलट्या, धडधड होऊ शकते.

गोळ्या

डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या सांगितल्या तितके दिवस घ्याव्यात. मेडिकलवरून स्वतःच्या मनानं ॲस्पिरिन घेऊ नये, त्यानं रक्त वाहतं. शुगर, बीपी किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर दाढ काढण्याआधीच डॉक्टरांना सांगावं, गोळी स्वतःहून बंद करू नये.

वावरातलं काम कधी?

दोन-तीन दिवस पोती उचलणं, वाकून सोंगणी, पाठीवरचा पंप नको. जोर लागला की रक्त पुन्हा सुरू होऊ शकतं.

ही लक्षणं दिसली तर थांबू नका

तिसऱ्या ते पाचव्या दिवशी दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं, कानापर्यंत ठणका गेला, तोंडाला घाण वास आला, तर रक्ताची गाठ निघून हाड उघडं पडलेलं असू शकतं. डॉक्टर खड्डा धुऊन औषध भरतात, आराम पडतो. बोळा दाबूनही रक्त थांबत नसेल, ताप किंवा पू आला, सूज तीन दिवसांनंतरही वाढत असेल, ओठ-जीभ दुसऱ्या दिवशीही बधिर असेल, तर डॉक्टरांना दाखवावं.

गिळता येत नसेल, श्वास अडत असेल किंवा जबड्याखाली गळ्यापर्यंत कडक सूज आली असेल तर सकाळची वाट पाहू नये. लगेच १०८ ला फोन करावा किंवा वाशिमचं जिल्हा सामान्य रुग्णालय गाठावं. अशी सूज जिवावर बेतू शकते.

सोंगणी चार दिवस पुढं ढकलता येते. चिघळलेल्या जबड्यापायी मात्र हंगामही जातो आणि पैसाही.