सेवाग्रामची शाळा आणि मागे राहिलेला विद्यार्थी

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा काहीतरी इतिहासविषयक लिहून द्यावे असा आग्रह केला, तेव्हा समाजाच्या उत्पत्तीविषयी, कुळे व गोत्रे यांविषयी लेख अपेक्षित असावा असे प्रथम वाटले. परंतु तो विषय मागील अनेक अंकांतून अधिकारी मंडळींनी हाताळलेला आहे. प्रस्तुत लेखकाचे सारे आयुष्य प्राथमिक शाळेत गेले. तेव्हा ज्या विषयात चार पावले चाललो आहे त्याविषयीच लिहावे हे बरे. वर्गात मागे पडणाऱ्या मुलाचे काय करावे, ह्या प्रश्नाचा विचार आपल्याच जिल्ह्यात, वर्ध्यापासून अवघ्या आठ किलोमीटरांवर, एकदा फार निष्ठेने झाला होता. त्याची हकीकत आपल्या घरांतून फारशी ठाऊक नाही.

वर्धा जिल्हा नागपूरपासून वेगळा निघाला तो १८६२ साली. त्यानंतर सरकारी शाळा निघाल्या, पाठ्यपुस्तके आली, तपासनीस आले. त्या शाळांनी पुष्कळ काम केले हे नाकारता येत नाही. तथापि त्यांची रचना अशी होती की, ज्याच्या घरी वाचन आहे तो पुढे जाई आणि ज्याच्या घरी केवळ श्रम आहेत तो दुसरी-तिसरीत गळून पडे. गळालेल्या मुलाविषयी ‘त्याच्या नशिबी विद्या नव्हती’ एवढे म्हटले की शाळा मोकळी होई व घरही मोकळे होई.

ह्या कथेचा आरंभ एका जातीच्या संस्थेतून झाला, ही गोष्ट आपल्यासारख्या जातीय मंडळाच्या सभासदांनी विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. शेठ जमनालालजी बजाज यांच्या पुढाकाराने वर्ध्यास मारवाडी समाजाचे शिक्षण मंडळ व विद्यालय चालू होते. १९२८ साली ज्यांनी आपले लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांस खुले केले, त्यांस विद्येचे मंदिर एका जातीपुरते ठेवणे रुचणे शक्य नव्हते. मारवाडी विद्यालयाचे ‘नवभारत विद्यालय’ झाले. ह्याच शिक्षण मंडळाच्या रौप्यमहोत्सवाचे निमित्त साधून २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी नवभारत विद्यालयात अखिल भारतीय शिक्षण परिषद भरली. अध्यक्ष महात्मा गांधी होते. निरनिराळ्या प्रांतांचे नवे शिक्षणमंत्री आणि देशातील नामांकित शिक्षणतज्ज्ञ आले होते. परिषदेने ठराव केले, ते थोडक्यात असे: सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण द्यावे, ते मातृभाषेतून द्यावे, ते मुलाच्या परिसरातील एखाद्या उत्पादक हस्तव्यवसायाभोवती गुंफावे, आणि ह्या पद्धतीतून शिक्षकाच्या वेतनाचा खर्च हळूहळू निघावा.

परिषद म्हणजे होकारांची माळ नव्हती. प्राध्यापक के. टी. शहा यांनी शेवटच्या ठरावास स्पष्ट हरकत घेतली. शाळेतील मुलांनी माल तयार करून विकावयाचा म्हटल्यास बाजारातील गरीब कारागिराशी स्पर्धा होईल, हा त्यांचा मुद्दा होता. आपण विणकर लोक. त्या हरकतीचे मोल आपणांस सांगावयास नको. डॉ. झाकिर हुसेन यांनीही इशारा दिला की, उत्पन्नावरच भर राहिला तर शिक्षक मुलांना राबवून घेणारा मुकादम होईल, आणि मग टकळी पुस्तकाहूनही वाईट ठरेल. पुढे अभ्यासक्रम तयार करण्यासाठी जी समिती नेमली तिचे अध्यक्षपद ह्याच झाकिर हुसेन यांजकडे गेले, आणि हरकत घेणारे शहाही तिचे सभासद झाले. विनोबा, काकासाहेब कालेलकर, किशोरलाल मश्रूवाला, कुमारप्पा, श्रीकृष्णदास जाजू हेही तिच्यात होते.

समितीने २ डिसेंबर १९३७ रोजी, म्हणजे सहा आठवड्यांच्या आत, अहवाल सादर केला. ‘वर्धा योजना’ म्हटली की लोकांस केवळ टकळी आठवते, आणि अहवालाच्या साडेपाच तासांच्या शाळेत तीन तास वीस मिनिटे हस्तव्यवसायासच दिलेली असल्यामुळे त्यात लोकांचा दोषही नाही. परंतु त्याच अहवालात शिक्षक व विद्यार्थी यांच्या नात्याविषयी जे आहे ते अधिक मोलाचे आहे. एका शिक्षकाकडे तीसपेक्षा अधिक मुले देऊ नयेत असे तो सांगतो, कारण त्याहून अधिक मुलांस एक माणूस ओळखू शकत नाही. शिक्षक मॅट्रिकपर्यंत शिकलेला, अथवा व्हर्नाक्युलर फायनल होऊन दोन वर्षे शिकविलेला असावा, एवढीच पात्रता तो मागतो. मात्र त्या शिक्षकास पूर्ण तीन वर्षांचे प्रशिक्षण द्यावे म्हणतो. तपासनिसाने चुका काढीत हिंडू नये, शिक्षकास वाट दाखवावी, असेही त्यात आहे.

आणि परीक्षा! त्या काळच्या परीक्षापद्धतीस समितीने शिक्षणाला लागलेला शाप म्हटले आहे. मुलास वरच्या वर्गात घालावयाचे ते वर्षभर ठेवलेल्या त्याच्या कामाच्या नोंदींवरून, शाळेतील शिक्षकांनी ठरवावे. पुढचा विचार तर प्रत्येक हेडमास्तरांच्या खोलीत लावून ठेवावा असा आहे. एका वर्गात बरीच मुले मागे पडली तर त्या शिक्षकाचे काम तपासावे; एका शाळेत बरीच पडली तर त्या शाळेचा कारभार तपासावा; आणि अनेक शाळांत पडली तर अभ्यासक्रमच कोठेतरी चुकला आहे असे समजावे. मुलाच्या नशिबाचा उल्लेख त्यात कोठेही नाही.

फेब्रुवारी १९३८ मध्ये हरिपुरा काँग्रेसने ही योजना स्वीकारली. त्याच वर्षी हिंदुस्थानी तालीमी संघ स्थापन होऊन त्याचे ठाणे शेगाव येथे झाले. हेच शेगाव १९४० पासून सेवाग्राम म्हणून ओळखले जाऊ लागले. आपल्या मध्य प्रांतात पंडित रविशंकर शुक्ल यांची ‘विद्यामंदिर’ योजना ह्याच सुमारास निघाली व तिच्या शिक्षकांसाठी वर्ध्यास प्रशिक्षण शाळा सुरू झाली. शाळेस ‘मंदिर’ हे नाव दिल्यामुळे मुसलमान बांधव दुखावले गेले व मोठा वाद झाला. सर्वांस सामावून घेणे बोलण्याइतके सोपे नसते, नावातही ते अडखळते.

संघाची धुरा ज्या दांपत्याने वाहिली ते दोघेही परप्रांतीय होते. ई. डब्ल्यू. आर्यनायकम् हे सिलोनचे तमिळ ख्रिस्ती, आणि त्यांच्या पत्नी आशादेवी बंगाली. दोघेही शांतिनिकेतनातून, रवींद्रनाथांच्या सहवासातून आलेले. आशादेवींस १९५४ साली पद्मश्री मिळाली. लहान मुलांची पूर्व-बुनियादी शाळा शांताबाई नारुलकर यांनी वाढविली. चित्रकलेची बाजू देवीप्रसाद यांनी सांभाळली. पुढे मार्जोरी साइक्स ह्या इंग्रज बाई येऊन मिळाल्या. जानेवारी १९४५ च्या परिषदेत तर ह्या शिक्षणाची मर्यादा सात ते चौदा वर्षांपुरती न ठेवता जन्मापासून मरणापर्यंत विस्तारली.

सेवाग्रामच्या शाळेत सकाळचे पहिले काम सफाईचे असे. संडास-सफाईसुद्धा सर्व जातींची मुले आणि शिक्षक पाळीपाळीने करीत. स्वयंपाक मुलेच करीत, पंगत एकच बसे. मुलांची आमसभा भरे, ती आपले मंत्री निवडी, कोणी आहाराचा, कोणी आरोग्याचा, कोणी सफाईचा. मंत्र्याने आपल्या कामाचा हिशेब सभेपुढे ठेवावयाचा. ज्या मुलास वाचन येत नाही तोही पंधरा माणसांच्या भाकरीस पीठ किती लागेल हे बिनचूक सांगू शकतो, आणि असे सांगणाऱ्या मुलास ‘ढ’ म्हणणे कठीण जाते. शिक्षक मुलांबरोबरच राहत असल्यामुळे कोणाचा चेहरा आज उतरला आहे हे त्यांस पुस्तक उघडण्यापूर्वीच कळे. हल्ली ज्यास समुपदेशन म्हणतात ते तेथे भाकरी थापताना होत असे.

गणिताचे एक उदाहरण देतो. चार फूट सुतास एक तार म्हणत. १६० तारांची एक लटी, चार लट्यांची एक गुंडी. म्हणजे गुंडीत ६४० तार, आणि लांबी २५६० फूट. विणकराच्या मुलास हे आकडे परके वाटत नाहीत. एका मुलाने आठवड्यात किती तार काढले, वाटलेल्या पेळूंपैकी किती वाया गेले, दोन गुंड्यांस किती दिवस लागले, ह्यातून त्रैराशिक व अपूर्णांक आपोआप निघतात. विषय आणि काम ह्यांच्या अशा एकजीव शिकविण्यास विनोबांनी ‘समवाय’ हा शब्द वापरला.

येथे आपल्या समाजाचा प्रश्न येतो, आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हिंगणघाटास कापडगिरण्या निघाल्या आणि आपल्या घरांतील माग एकामागून एक थांबत गेले. अशा वेळी बाप मुलास शाळेत घाली तो मागातून सुटावा म्हणून. त्या शाळेतच मुलाच्या हाती टकळी दिलेली पाहून पुष्कळ वडीलधारी मंडळी चिडली. “सूत तर आम्ही घरीच शिकवू, साहेबाच्या पोराला शिकवा,” हे उद्गार लहानपणी आम्ही आमच्या अंगणात ऐकलेले आहेत. आमच्या मते त्यांचे निम्मे म्हणणे खरे होते. ज्याच्या घरी श्रम कधी नव्हते त्याला टकळी म्हणजे संस्कार. ज्याच्या घरी श्रमावाचून दुसरे काहीच नव्हते त्याला ती बेडी वाटली तर नवल नाही. परंतु उरलेले निम्मे त्यांच्या दृष्टीस आले नाही. ज्या ज्ञानाला गावात हलके मानीत, ते आपल्या हातातील ज्ञान ह्या शाळेने प्रथमच फळ्यावर लिहिले होते.

आम्हांस दुसरीत जे गुरुजी लाभले ते सेवाग्रामास वर्ग पुरा करून आलेले होते. त्यांच्याजवळ एक जाड वही असे. तीत प्रत्येक मुलाच्या नावाखाली दोन-तीन ओळी ते रोज लिहीत. ती वही एकदा आम्ही चोरून उघडली. आमच्या नावाखाली होते, “आज न जेवता आला. पाढे विचारले नाहीत.” त्यापूर्वी दुसऱ्या एका शाळेत आमची गणना वेडगळात झाली होती. त्या दोन वाक्यांनी आम्ही शाळेत टिकलो, आणि १९७४ साली जुनी मॅट्रिक झालो.

पुढे आम्ही स्वतः शिक्षक झालो, आणि ती वही विसरलो. १९८५ च्या सुमारास चौथीच्या वर्गातील आपल्याच समाजाच्या एका मुलास लागोपाठ दोन वर्षे आम्ही नापास केले. तो वर्गात पेंगत असे, भागाकार येत नसे. तिसऱ्या जूनमध्ये तो आलाच नाही. वर्ग नीट चालविल्याचे समाधान तेव्हा आम्हांस होते. निवृत्तीनंतर एका लग्नात तो भेटला, पाया पडला. आम्ही विचारले, शाळा का सोडली रे? तो हसून म्हणाला, “गुर्जी, तवा माय आजारी होती. रातभर कांड्या भराच्या अन् सकाळी वर्गात डोया लागाचा. तुमी इचारलंच नाई.” त्याच्या बोलण्यात राग नव्हता. झाकिर हुसेन समितीचा अहवाल आम्ही प्रथम वाचला तो त्यानंतर, वर्ध्याच्या एका ग्रंथालयात बसून. बरीच मुले मागे पडली तर शिक्षकाचे काम तपासावे, ह्या ओळीवर आम्ही बराच वेळ थांबलो. समितीने ‘बरीच मुले’ म्हटले आहे. आमच्या वर्गात ते एकच होते.

सेवाग्रामचे पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. १९५९ साली तालीमी संघ सर्व सेवा संघात विलीन झाला. कचेरीत व महाविद्यालयात मॅट्रिकचाच कागद विचारीत, तेव्हा मुले तिकडे वळली. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाने हस्तव्यवसायास ‘कार्यानुभव’ असे नाव दिले. तो विषय आम्ही अनेक वर्षे शिकविला, म्हणजे तासाला कागदी फुले करवून घेतली. सेवाग्रामची शाळा बंद पडली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मुलास मारणे व आठवीपर्यंत मागे ठेवणे बंद केले, ह्यात समितीच्या विचाराचा अंश आहे असे आम्ही समजतो. परंतु २०१९ च्या दुरुस्तीने पाचवीत व आठवीत मूल रोखण्याची मुभा राज्यांस पुन्हा मिळाली.

२००५ साली आश्रमाच्या परिसरात ‘आनंद निकेतन’ ही शाळा नई तालीम समितीने पुन्हा सुरू केली. मराठी माध्यम, शेती, सूतकताई, स्वयंपाक, आणि जवळपासच्या खेड्यांतील सर्व जातींची मुले असे तिचे स्वरूप आहे.

आपल्या मंडळाचा गुणगौरव समारंभ दरवर्षी होतो व पंचाहत्तर टक्क्यांवरील मुलांची नावे ह्याच स्मरणिकेत छापली जातात. ती यादी तयार करण्याचे काम गेली काही वर्षे आमच्याकडे आहे. यंदा ती करताना आम्ही गावोगावच्या कार्यकर्त्यांस एक पोस्टकार्ड अधिक पाठविले: आपल्या गावात आपल्या समाजाचे कोणते मूल ह्या वर्षी शाळेतून उठले, आणि का. हा लेख छापावयास देईपर्यंत अकरा गावांची उत्तरे आली आहेत. त्यांपैकी आठ कार्डांवर मुलांची नावे आहेत, पण ‘का’ ह्यापुढील जागा रिकामी आहे. दिवाळीनंतर त्या घरी जाऊन विचारावे असे दोघा-तिघा निवृत्त शिक्षकबंधूंनी ठरविले आहे.