मृदा एंझाइम क्रियाशीलता : मापन

मातीतील एंझाइमांची काम करण्याची क्षमता ठरवण्याच्या प्रयोगशाळेतील पद्धती. एंझाइम मातीतून वेगळे काढून तोलता येत नाही. त्याचा बराच भाग चिकणमाती व ह्यूमस यांना घट्ट धरून असतो. म्हणून ते ज्या पदार्थावर काम करते तो पदार्थ (सबस्ट्रेट) मुबलक द्यायचा आणि ठरावीक वेळात काय तयार झाले ते मोजायचे. तापमान व सामू सोयीचे राखलेले असल्याने आलेला आकडा शेतातल्या प्रत्यक्ष कामाचा नसतो, होऊ शकणाऱ्या कामाचा असतो. अहवालांत हा फरक सर्रास विसरला जातो.

मातीतील एंझाइमांची पहिली नोंद साधारणपणे ए. एफ. वुड्स यांची (१८९९) मानतात.

फॉस्फेटेज : सर्वांत रुळलेली पद्धत एम. ए. तबाताबाई व जे. एम. ब्रेमनर यांची (आयोवा, अमेरिका, १९६९). २ मिमी. चाळणीतून गाळलेली १ ग्रॅ. माती, थोडे टोल्युइन, ६.५ सामूचा बफर ४ मिलि. व पी-नायट्रोफिनिल फॉस्फेट १ मिलि. हे बूच लावून ३७° से.ला तासभर ठेवतात. नंतर कॅल्शियम क्लोराइड व सोडियम हायड्रॉक्साइड घालून गाळतात. सोडियम हायड्रॉक्साइडने क्रिया थांबते आणि सुटलेले पी-नायट्रोफिनॉल पिवळे दिसू लागते. कॅल्शियम चिकणमाती व ह्यूमस यांना द्रावात उतरू देत नाही. ते विसरले तर गाळलेला द्राव तपकिरी येतो आणि मापन वाया जाते. तरीही मातीचा थोडा रंग उरतोच. त्यासाठी सबस्ट्रेट अगदी शेवटी घातलेला ब्लँक लावून तेवढे वाचन वजा करतात. क्षारीय फॉस्फेटेजसाठी बफर ११ सामूचा. उत्तर दर ग्रॅम कोरड्या मातीमागे, दर तासाला सुटलेल्या पी-नायट्रोफिनॉलच्या मायक्रोग्रॅममध्ये देतात.

टोल्युइन सूक्ष्मजीवांची वाढ रोखण्यासाठी असते. तासाभराच्या क्रियेत त्याची गरज आहे का, याबाबत मतभेद आहेत. नमुना ओला वापरावा की वाळवून, याबाबतही.

डीहायड्रोजिनेज : हे जिवंत पेशींतच काम करते, त्यामुळे येथे टोल्युइन नाही. रंगहीन ट्रायफिनिल टेट्राझोलियम क्लोराइडपासून २४ तासांत लाल फॉर्मझान बनते. ते मिथेनॉलमध्ये उतरवून ४८५ नॅनोमीटरला मोजतात. तांबे जास्त असलेल्या मातीत हे वाचन खोटे कमी येते. तांबेयुक्त बोर्डो मिश्रण वर्षानुवर्षे फवारलेल्या द्राक्षबागेत सूक्ष्मजीव मेले असा निष्कर्ष काढण्यापूर्वी हे तपासणे बरे.

यूरिएज : यूरियापासून सुटलेला अमोनिया मोजतात. ९ सामूच्या बफरमध्ये आकडा मोठा येतो. बफरविना केलेले मापन शेतातील स्थितीला अधिक जवळचे असल्याचे काहींचे मत आहे.

आरिलसल्फेटेज, बीटा-ग्लुकोसिडेज : फॉस्फेटेजच्याच धर्तीवर, सबस्ट्रेट व बफर वेगळे.

अनुदीप्त पद्धती : मिथिलअंबेलिफेरोन जोडलेले सबस्ट्रेट व ९६ खणांच्या थाळ्या वापरल्यास एका दिवसात पुष्कळ नमुने होतात. मात्र सुटलेल्या मिथिलअंबेलिफेरोनच्या प्रकाशाचा काही भाग माती गिळते, म्हणून प्रमाण-वक्र प्रत्येक नमुन्याच्या मातीतच काढावा लागतो.