कलावंताची संमति
गाणें हवेंत विरतें, तें कोणी चोरून नेईल कसें, अशी पूर्वी समजूत होती. ध्वनिमुद्रणानें ती खोटी ठरविली. म्हणून १९२५ सालीं इंग्लंडांत कायदा झाला कीं, नटगायकांच्या लेखी संमतीवांचून त्यांच्या प्रयोगाची तबकडी जाणूनबुजून काढणें हा गुन्हा होय. आमच्या १९५७ च्या कायद्यांत मात्र कलावंताचा हा हक्क नव्हता. तो १९९४ च्या दुरुस्तीनें आला.

आज एखादी कलावती घरांतून कॅमेऱ्यापुढें थेट प्रयोग करिते, आणि दूरचा प्रेक्षक तो गुपचूप टिपून परस्पर विकतो. ‘दाखविलें तें आमचेंच झालें,’ हा त्याचा युक्तिवाद आम्हांस मान्य नाहीं. पैसे पाहण्याचे दिले होते; त्या क्षणाची मालकी तिनें विकली नव्हती.