जवळजवळ बरोबर

गेल्या दिवाळीत पाडव्याच्या सकाळी माझा एक जुना विद्यार्थी फराळाला आला. मालाडला, आमच्या घरापासून थोड्याच अंतरावर, लिंक रोडजवळ माइंडस्पेसच्या काचेच्या इमारती आहेत. तिथल्या एका कचेरीत तो संगणकासाठी आज्ञावली, म्हणजे प्रोग्रॅम, लिहितो. शाळेत गणितात पैकीच्या पैकी गुण मिळवणारा हा मुलगा. पण त्या दिवशी जागरणाने डोळे तांबारलेले. चकली हातात तशीच धरून तो म्हणाला, "बाई, मी आता तुमचंच काम करतो. दिवसभर दुसऱ्याच्या वह्या तपासतो."

हा दुसरा कोण, तर कृत्रिम बुद्धिमत्तेचे यंत्र. त्याचे गाऱ्हाणे नीट कळायचे तर थोडे मागे जावे लागेल. फार लांब नव्हे, आपल्याच मुंबईत, कुलाब्याला.

तिथल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1960 साली एक संगणक पूर्ण होऊन कामाला लागला. आपल्याच लोकांनी तो आराखड्यापासून उभा केला होता. 1962 साली पंडित नेहरूंनी त्याचे नाव ठेवले 'टिफ्रॅक'. निर्वात नळ्यांचे ते भले मोठे धूड, पण स्मरणशक्ती अवघी 2048 शब्दांची! यंत्राला कळणाऱ्या आकडी भाषेत एकेक आज्ञा लिहायची आणि कागदी फितीवर भोके पाडून ती आत सरकवायची. चूक झाली तर ती आपली, आणि शोधायचीही आपणच.

तिकडे अमेरिकेत मात्र हा भार यंत्रावरच टाकण्याची खटपट चालली होती. 1952 साली ग्रेस हॉपर या विदुषीने यंत्राकडूनच आज्ञावली जुळवून घेण्याची युक्ती काढली. 1957 साली जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'फोरट्रान' ही भाषा आणली. माणसाने गणितासारखी सूत्रे लिहावीत, त्यांचे आकडी भाषांतर यंत्राने करावे. जुन्या जाणत्यांनी नाके मुरडली. हाताने लिहिलेल्याची सर यंत्राला कशी येणार? पण संशय लवकरच मावळला. 1964 साली कुलाब्याला परदेशी बनावटीचा मोठा संगणक आला, तेव्हा तिथेही फोरट्रान रुळली.

संशय मावळला याचे कारण असे की तो दुभाषी इमानी होता. तेच वाक्य दिले की तेच भाषांतर. आणि वाक्य कळले नाही, तर अमुक ओळीत अडलो, असे तो सांगे.

आता 2021 पासून कोपायलट आणि 2022 च्या अखेरीपासून चॅटजीपीटी अशी साधने आली. साध्या बोलीत सांगा, आज्ञावली तयार! "मग तक्रार कसली रे?" मी विचारले.

"बाई, चूक असती तर बरं होतं. ते जवळजवळ बरोबर असतं!"

कर्जाच्या हप्त्यांचा हिशेब त्याने यंत्राकडून लिहून घेतला होता. दिसायला देखणा, चाचणीतही उतरला. पण 31 तारखेचा हप्ता तीस दिवसांच्या महिन्यात आला की नाहीसा होई. दोन रात्री शोधून त्याने ती चूक पकडली. यंत्राने नम्रपणे माफी मागितली, ती सुधारली आणि दुसरीकडे नवी करून ठेवली. वर साहेबांचा प्रश्न, यंत्र दिले आहे, मग निम्म्या वेळात का होत नाही?

हे दुखणे त्याच्या एकट्याचे नाही. 2025 साली प्रोग्रॅमरांची जगभर पाहणी झाली, तीत सुमारे 66 टक्क्यांनी हेच 'जवळजवळ बरोबर'चे गाऱ्हाणे सांगितले. त्याच वर्षी अमेरिकेतल्या एका संस्थेने 16 अनुभवी प्रोग्रॅमरांना 246 कामे देऊन पाहिली. यंत्राच्या मदतीने त्यांना 19 टक्के वेळ जास्त लागला. आणि गंमत अशी, की आपले काम 20 टक्क्यांनी लवकर झाले, असेच त्यांना वाटत होते!

"कंटाळवाणी कामं ते चुटकीसरशी करतं, ते नाकारत नाही," तो म्हणाला. "पण नव्या मुलांचं काय? मी चुका करकरून शिकलो. त्यांनी चूक केलीच नाही, तर दुसऱ्याची ओळखतील कशी?"

मी वर्षानुवर्षे वह्या तपासल्या आहेत. उत्तर चुकले तरी रीतीला गुण देते. मुलाची खाडाखोड पाहिली, की तो कुठे अडखळला, कुठे त्याला शंका आली, ते कळते. या यंत्राच्या वहीत खाडाखोडच नाही. येत नाही म्हणून जागा कोरी सोडलेली नाही. बरोबर आणि चूक, दोन्ही एकाच सुवाच्य अक्षरात. अशी वही तपासायची तर तपासणाऱ्याला ते गणित लिहिणाऱ्याहून चांगले यायला हवे. आणि असा तपासनीस घडायला वर्षे लागतात. टिफ्रॅकच्या फितीपासून आजवर लिहिण्याचे श्रम यंत्राने कितीतरी उचलले, पण खालची सही माणसाचीच राहिली.

एवढ्यात त्याचा फोन वाजला. सणाचा दिवस असूनही कचेरीतून बोलावणे होते. मी डब्यात चकल्या, करंज्या भरून दिल्या. दाराशी वाकून नमस्कार करताना तो हसला. "बाई, तुम्हाला कधी कंटाळा नाही आला वह्यांचा?"

"यायचा ना! पण वहीपलीकडे मूल बसलेलं असायचं रे."

तो काही बोलला नाही. चपला पायात सरकवून भराभर जिना उतरून गेला.