तिसरा प्रश्न : 'बॉम्बे' रक्तगट आणि एका प्रतिद्रव्याची गोष्ट

१/ वाशीम जिल्ह्यातल्या एखाद्या रक्तदान शिबिरात कार्डावर 'ओ पॉझिटिव्ह' लिहून मिळाले की विषय तेथेच संपतो. पण त्या 'ओ'चा अर्थ एवढाच, की अँटी-ए आणि अँटी-बी ही प्रतिद्रव्ये घातली असता तांबड्या पेशींच्या गुठळ्या झाल्या नाहीत. दोन प्रश्न विचारले, दोन्हींना 'नाही' असे उत्तर आले. तिसरा प्रश्न विचारलाच नाही तर?

२/ हा प्रश्न मुंबईत उभा राहिला. मे १९५२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात य. म. भेंडे, देशपांडे व भाटिया यांचा निबंध आला. सहलेखक लंडनचे : सँगर, रेस, मॉर्गन आणि वॉटकिन्स. (रूथ सँगर व विनिफ्रेड वॉटकिन्स या स्त्रिया होत्या, हे आडनावांच्या यादीत सहज हरवते.)

३/ निबंधातील व्यक्तींच्या पेशी 'ओ'सारख्या दिसत. रक्तद्रव मात्र 'ओ' पेशींच्याही गुठळ्या करी. ज्या 'ओ' रक्ताला सर्वांना चालणारे मानत, तेच त्यांना जीवघेणे ठरू शकत होते.

४/ उलगडा 'एच' नावाच्या शर्करारचनेत होता. एच हा पाया. ए आणि बी त्यावरचे मजले. 'ओ' गटात मजले नसतात, पाया असतो. या माणसांत पायाच नव्हता. म्हणून त्यांच्या रक्तात अँटी-एच हे प्रतिद्रव्य तयार झाले होते. ए किंवा बीचे जनुक असले तरी ते पेशीवर दिसत नाही, पण अपत्याकडे जाते. कागदावर 'ओ' असलेल्या आईवडिलांचे मूल 'ए' निघू शकते. अशा वेळी घरात कोणावर संशय जाईल, हे सांगायला नको.

५/ भारतात हा गट साधारण १०,००० जणांत एक, तर युरोपात सुमारे १० लाखांत एक मानला जातो. नात्यात लग्ने होतात तेथे शक्यता वाढते. १९९५ मध्ये शहराचे नाव मुंबई झाले. रक्तगट 'बॉम्बे'च राहिला.

६/ जनुकांचे काम चालू-बंद करणारी प्रथिने, म्हणजे ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर, शोधण्यासाठी आज प्रयोगशाळा प्रतिद्रव्ये विकत घेतात. तेथेही हीच अडचण. पट्टा उमटला नाही म्हणजे प्रथिन नाही, की प्रतिद्रव्यच निकामी? म्हणून ते प्रथिन नक्की असलेला नमुना शेजारी तपासावा लागतो. दप्तरात नोंद नाही म्हणून घटना घडलीच नाही असे म्हणणाऱ्या आम्हा इतिहासवाल्यांना हे कळायला वेळ लागू नये.

७/ रक्तपेढीत तिसरा प्रश्न विचारण्याची रीत साधी आहे : व्यक्तीच्या रक्तद्रवात ज्ञात 'ओ' पेशी मिसळायच्या. गुठळ्या झाल्या, तर कार्डावर 'ओ' लिहिण्यापूर्वी थांबायचे आणि अँटी-एच लावून पाहायचे.